देवपुत्राचा भांग

"देवाचा मुलगा भांग पितो?" मुंबईहून मॅडमनी विचारलं. "लीगलने लाल खूण केलीय."

फोन स्पीकरवर होता. समोर ही कथा लिहिणारी सायली बसली होती. तिने तोंडावर ओढणी धरली. ती हसत होती.

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी रत्नागिरीतूनच एका ऑडिओ ॲपसाठी स्क्रिप्ट तपासतो. त्यात एक विभाग फॅन फिक्शनचा आहे. लोकांच्या ओळखीच्या कथाविश्वात, म्हणजे इथे पुराणांत, आपलं नवं पात्र सोडायचं. अशा पात्राला ओसी म्हणतात, ओरिजिनल कॅरेक्टर. मॅडम या विभागाच्या प्रमुख.

सायलीच्या ओसीचं नाव उधाण. बाप वरुणदेव, आई भाट्याच्या खाडीवर मासळी विकणारी. हात उचलला की समुद्र उठतो. अडचण तीच होती. असा नायक पहिल्याच भागात सगळ्यांना बुडवून मोकळा होतो. म्हणून देवपुत्राला एक उणीव लागते. सायलीने दिलेली उणीव एका शब्दाची होती: भांग.

मी मॅडमना समजावलं. पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती येते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी जेमतेम चढतं, तो भांग. त्या दिवशी उधाणची ताकद जाते.

"ओके, क्यूट," मॅडम म्हणाल्या. "पण लोक भांग म्हणजे भांगच समजणार. अमावास्या करा. स्पूकी वाटेल."

"अमावास्येला?" सायली फोनवर वाकली. "मॅडम, तेव्हा तर दर्या खवळलेला असतो. माझे पप्पा तांडेल आहेत, होडी त्यांच्या हुकमावर चालते. ते ऐकतील नि म्हणतील, पोरीला पाणी कळत नाय."

"तुझे पप्पा आपले टार्गेट ऑडियन्स नाहीत."

"नसूदेत. पण जेवायला त्यांच्यासमोरच बसायचंय."

"संध्याकाळपर्यंत शब्द बदला. नाहीतर हा स्लॉट दुसऱ्या सिरीजला जाईल."

फोन बंद झाला. सायलीचं हसूही बंद झालं. सिरीज मंजूर झाली नाही, तर सोमवारी तिला मावसभावाच्या ओळखीने अंधेरीच्या कॉल सेंटरला रुजू व्हायचं होतं. घरी तसं ठरलं होतं.

मी पर्याय सुचवले. मीठ. गोडं पाणी. आईची शपथ.

"समुद्राच्या पोराला मिठाची बाधा?" ती म्हणाली. "सर, तुम्ही जेवून या."

दुपारी पोस्टरचं कच्चं चित्र आलं. चित्रकार पुण्याचा. त्याला फक्त पात्राची एका ओळीतली ओळख पाठवली होती: उधाण, वरुणपुत्र, ताकद समुद्र, उणीव भांग. चित्रात धिप्पाड देवपुत्र दोन्ही हातांनी केस झाकून वाळूतून पळत होता. मागे त्याची आई, हातात कंगवा.

त्याने तिसराच भांग धरला होता. चित्र मॅडमनाही गेलं होतं. लगेच फोन आला.

"हे काय आहे?"

मी उत्तर जुळवत होतो. सायली थांबली नाही.

"भांग, मॅडम. केसांतला. दर अष्टमीला आई पकडते, चपचपीत तेल लावते नि भांग पाडते. पडला की ताकद गेली. वारा लागून केस विस्कटले की परत आली."

"आणि सकाळी ते भरतीचं सांगत होतात?"

"तेच तर! हा शांत झाला की पाणी पण शांत. म्हणून त्या पाण्याला भांग म्हणतात."

ही व्युत्पत्ती तिने त्याच क्षणी रचली होती. मी खोकलो. पलीकडे मॅडम हसत होत्या.

"केसांना लीगलची हरकत नसेल," त्या म्हणाल्या.

नव्हती. संध्याकाळी मंजुरी आली. सोमवारी सायलीने अंधेरीऐवजी दुसरा भाग लिहायला घेतला.

पहिला भाग तिच्या पप्पांनी जेटीवर जाळं शिवता शिवता ऐकला.

"अष्टमीला गप बसवलंस, बरोबर," ते म्हणाले. "पण त्याच्या आईने एवढं तेल कशाला लावलंन?"

एका शब्दाचे तीन अर्थ असतील, तर संपादकाने तिन्ही विचारून घ्यावेत. लेखकाने मात्र मंजुरी हातात पडेपर्यंत आपला कोणता, ते सांगू नये.