काळ्या हातांचा न्याय

त्या नाकेदाराचं नाव मी विसरलो नाही, घेत नाही. इंग्रजांच्या अमलात गोरेगावकडचं आमचं जंगल तो राखायचा. माणसाला शिवायचा नाही, काठीच्या टोकानं हात उलटे करून तळवे बघायचा.

मोहफुलांच्या दिवसांत वणवा लागला. आम्ही हिरव्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवला. राख झटकत होतो, तोच हा आला. शेजारच्या म्हाताऱ्याच्या हाताला काठी लावली.

"आग लावली की हात काळे होतात. तुझे काळे आहेत, म्हणजे तूच लावली!"

"साहेब, मी तं विझवून राहिलो होतो!"

म्हाताऱ्याला बांधून नेलं. अरे गाढवा, विझवणाऱ्याचे हात काय गोरे होतात?

पुढच्या उन्हाळ्यात जंगल पुन्हा पेटलं. "चला, विझवा!" म्हणून हा दारोदार बोंबलत फिरला. काठीची वाट न बघता आम्ही सगळ्यांनी आपापले स्वच्छ तळवे त्याला दाखवले.