संजयचं लग्न आणि आमचं स्थलदर्शन

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. मेहकरच्या मार्केट यार्डासमोरच्या टपरीवर सकाळी तीन माणसं बसली, की एकाला काल काय झालं ते आठवतं, दुसरा त्याला दुरुस्त करतो आणि तिसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही!" अशी वर्षानुवर्षं थप्पी लागत जाते. आमच्या थप्पीतल्या निम्म्या तर नानाभाऊंच्या बढाया आहेत, त्या सोडून देतो. उरलेले सगळे किस्से फिरून एकाच गोष्टीवर येतात. संजयचं लग्न!

आधी माणसं सांगतो. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवायचो, आता रिटायर. नानाभाऊ यार्डात अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे. संजय त्यांचा सख्खा भाचा. वय चौतीस, बारा एकर शेती, पाइप आणि स्प्रिंकलरचं दुकान, दाराशी जीप, सुपारीचंही व्यसन नाही. पूर्वी अशा मुलाच्या घरी मुलीवाल्यांची रांग लागायची. आता त्यांना पुण्यातला जावई पाहिजे, मग तो तिथे एका खोलीत चौघांबरोबर का राहत असेना!

संजयचे वडील नाहीत. आई शांताबाईंनी सुनेसाठी एक साडी घेऊन ठेवली आहे. कसर लागू नये म्हणून दर दिवाळीला ती काढायची, उन्हं दाखवायची आणि घडी बदलून परत ठेवायची. आम्ही टपरीवर हसतो खरे, पण त्यांना ती घडी बदलताना मी एकदा पाहिलं आहे.

तर आमचा एक रिवाज होता. मुलगा पाहायला पाहुणे आले, की नुसत्या चहा-पोह्यांवर पाठवायचे नाहीत. गाव दाखवायचं! बालाजीचं मंदिर, कंचनीचा महाल, यार्ड, आणि वेळ असला तर लोणार. माणूस गावाच्या प्रेमात पडला की मुलगी द्यायला कशाला नाही म्हणेल, असं त्यामागचं लॉजिक. लॉजिक माझं होतं, हेही आत्ताच कबूल करून टाकतो.

*

पहिले पाहुणे आले अकोल्याकडचे. त्यांना घेऊन मी थेट बालाजीच्या मंदिरात. एवढी मोठी काळ्या दगडाची मूर्ती पाहून मुलीच्या वडिलांनी डोळेच मिटले. मला चेव आला. मूर्ती जमिनीत कशी सापडली, ती विलायतेला नेण्याचा साहेबाचा हुकूम येईल म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईने प्रतिष्ठापना कशी उरकून घेतली, सगळं रंगवून सांगितलं.

"बघा! त्या दिवशी घाई केली म्हणून देव गावात राहिला," मी म्हणालो.

वडिलांनी डोळे उघडले, हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, "सर, देवाचं ठीक हाय. आमी पोरीच्या बाबतीत घाई करणार नाही."

*

कंचनीच्या महालावर तर मी अर्धा तास घेतो. आता तिथे पडक्या भिंती आणि कमानी उरल्या आहेत. पण कंचनीने लोणारच्या देवळातला दिवा घरबसल्या दिसावा म्हणून एवढा उंच महाल बांधला, ही कथा ऐकली की माणूस आपोआप मान वर करतो.

चिखलीहून आलेल्या पाहुण्यांमध्ये मुलीची आत्या होती. अंगाने भारी, बोलण्याने त्याहून भारी. तिने पदर खोचला, ढिगाऱ्यावर चढली आणि कपाळावर हात धरून चारही दिशांना पाहून घेतलं.

"काय हो सर, इथून पुणं दिसते का?"

नानाभाऊ खालून ओरडले, "पुणं? आमाले इथून तुमची चिखली दिसत नाही, बाई!"

"मंग कायले येवढं बांधलं?" आत्या उतरता उतरता म्हणाली. "आमच्या पोरीले खाटेवर बसल्या बसल्या पुणं दिसते!"

*

यार्ड दाखवायचं काम नानाभाऊंचं. तिथे आता लिलाव उघड बोलीने होतात, पण नानाभाऊंची उमेदीची वर्षं बैलबाजारात गेली. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. चार लोकांत खासगी गोष्ट करायची तर नानाभाऊंचा हात अजून आपोआप रुमालाकडे जातो.

बुलढाण्याचे एक पाहुणे आले होते. बँकेत नोकरी, पँटला इस्त्री. सोयाबीनच्या ढिगाऱ्यापाशी आजूबाजूला दहा माणसं उभी असताना त्यांनी हळूच विचारलं, "बाकी सगळं छान आहे. पण मुलाचं... किती?"

शेती किती, असं त्यांना विचारायचं होतं. नानाभाऊंना ते बरोबर कळलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पाहुण्यांच्या हातावर टाकला आणि खालून एक बोट दाबलं. मग दोन. म्हणजे बारा.

पाहुणे विजेचा झटका बसल्यासारखे मागे सरकले. "बारा लाख? हुंडा मागता? तोही असा लपवून? मी पोलिसात जाईन!"

"अहो एकर! एकर!" म्हणत नानाभाऊ रुमाल हलवत त्यांच्या मागे धावले. पण पँटला इस्त्री असलेला माणूस एवढा जोरात पळू शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. थेट एसटी स्टँड! शांताबाई दोन दिवस भावाशी बोलल्या नाहीत.

नानाभाऊंना मात्र वेगळंच वाटून राहिलं होतं. ते मला म्हणाले, "सर, मी तं नुसतं बारा म्हटलं. लाख त्यायनंच लावले. म्हणजे माणूस घरून तयारीनं आला होता!"

*

लोणारचं थोडक्यात सांगतो. पाहुण्यांना सरोवराच्या काठावर उभं केलं, पन्नास हजार वर्षांपासून सुरुवात केली आणि आभाळातून उल्का इथेच कशी आदळली ते हातवारे करून सांगितलं. जगभरातले शास्त्रज्ञ हे पाहायला येतात, हेही सांगितलं.

मुलीच्या आईने सगळं नीट ऐकून घेतलं. खाली हिरव्या पाण्याकडे बघत ती नवऱ्याला म्हणाली, "येवढा मोठा दगड वरून पडला, बरोब्बर इथंच पडला. एखादी सरकारी नोकरी काऊन नाही पडली?"

*

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल, की या सगळ्या फेऱ्यांत संजय कुठेच बोलत नाही. कारण तो जीप चालवत असायचा! पुढे सर, मागे पाहुणे, आणि स्टिअरिंगवर खुद्द नवरदेव. आम्हाला यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

जालन्याचे पाहुणे उशिरा पोचले. घरी न जाता स्टँडवरूनच थेट फिरायला निघाले. मी एका ठिकाणी तिकिटांसाठी उतरलो, तेव्हा मुलीचे मामा पुढे सरकले आणि खासगी आवाजात म्हणाले, "काय ड्रायव्हरसाहेब, तुम्ही गावातले. खरं सांगा, मुलगा कसा आहे?"

आता दुसरा कुणी असता तर स्वतःची आरती ओवाळून घेतली असती. पण आमचा संजय खोटं बोलत नाही, हाच तर त्याचा प्रॉब्लेम. तो म्हणाला, "पोरगा बरा हाय. कष्टाळू हाय. पण घुम्या हाय जरा. आईपुढं बोलत नाही. आन् उधारी मागायले लाजते."

मामांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं!

घरी आल्यावर पोहे झाले, चहा झाला. मामा इकडेतिकडे पाहू लागले. "मुलगा कुठे आहे?"

शांताबाईंनी अंगणाकडे बोट दाखवलं. संजय फडक्याने जीपची काच पुसत होता. मामांनी वही उघडली, परत मिटली आणि घसा साफ केला.

"माणूस म्हणून ड्रायव्हर आम्हाला फार आवडला," ते म्हणाले. "पण त्यानंच मुलाबद्दल जे सांगितलं, त्यावरून जरा विचार करावा लागेल."

*

त्या दिवशी शांताबाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र खणखणीत. "सर, तुमी अन् आमच्या भावानं लई गाव दाखवलं. आता माह्या पोराले पाहू द्या कोणाले तरी. पुढच्या पाहुण्याईले काही दाखवायचं नाही. महाल नाही, सरोवर नाही, देव पण नाही!"

नानाभाऊंकडून त्यांनी रुमालही काढून घेतला.

म्हणून वडनेर भोलजीचे पाहुणे आले तेव्हा मी बैठकीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर तोंड मिटून बसलो होतो. आई, वडील आणि मुलगी स्वतः. मुलीचं नाव अर्चना. खामगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. खाली मान घालून बसणारी नव्हती ती. तिने स्वतःच विचारलं, "मेहकरात लॅब किती हायेत?"

इतिहास मला पाठ, पण हे काही येईना. संजयने जमिनीकडे बघत सांगितलं, "चार. एकीत माणूस पाहिजे म्हणून पाटी हाय. दोन महिने झाले, कोणी भेटलं नाही."

अर्चनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणजे याने आधीच चौकशी करून ठेवली होती! पोहे वाढता वाढता शांताबाई ट्रे घेऊन तिथेच थांबल्या. पंधरा पाहुण्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मुलाला पाहत होतं.

आणि नेमकी गल्लीतून आरोळी आली, "नळ आले हो! नळ आले!"

संजयच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा पाऊण तास येतं. तेवढ्यात भरलं तर भरलं, नाही तर चार दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं. त्या दिवशीची पाळी नव्हतीच, मधेच आलं होतं. शांताबाई ट्रे घेऊन तशाच उभ्या. पाहुण्यांसमोरून निघून जावं तर रीत मोडते, न जावं तर टाकी कोरडी. त्यांनी संजयकडे पाहिलं. संजयने अर्चनाकडे पाहिलं. आता हा लाजून बसून राहतो, असं मला वाटलं.

तो उठला. "माफ करजा, पाणी आलं हाय," म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या सारत मागच्या दारी गेला. पाण्याच्या मोटारीचा आवाज सुरू झाला. गेलं हेही स्थळ, अशी नानाभाऊंनी मला डोळ्यांनी खूण केली.

अर्चनाने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. ओढणी कमरेला बांधली. "पिण्याचं कोणतं अन् वापराचं कोणतं?" असं कुणाला तरी विचारत ती आत गेली आणि पाइपाचं दुसरं टोक ओढत बैठकीतून अंगणाकडे निघाली.

"सर, पाय वर घ्या," ती म्हणाली. मी घेतले.

तिचे वडील उठून टाकीचं झाकण काढायला गेले. नानाभाऊ बादली शोधू लागले. पाच मिनिटांत घरात कोण पाहुणा आणि कोण घरचा, काही कळेनासं झालं. अर्चना ओट्यावरचा पितळी गुंड उचलून नळाखाली लावायला निघाली, तशा शांताबाई रीतभात विसरून स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अवं, तो गुंड नको घेऊ! बुडाले गळते तो!"

पाइप काखेत, गुंड कमरेवर, अर्चना मागे न बघता म्हणाली, "मंग आधी नाही का सांगायचं, आई!"