मामंजींचं कर्रकर्र वाजणारं रीळ

आमच्या ह्यांना कारखान्यात आवाज खपत नसे. पिंपरीचा औषधांचा कारखाना तेव्हा नवा कोरा होता, हे तिथं फिटर. यंत्र जरा कुरकुरलं की ह्यांच्या कपाळावर आठी पडायची. घरी झोपाळ्याची कडी वाजली तरी तेलाची बुधली घेऊन उठायचे. मी म्हणायची, "मी बोलते तेव्हा माझ्याही तोंडात घाला दोन थेंब." तर म्हणायचे, "तेवढ्यानं नाही व्हायचं."

ह्याच माणसाबरोबर मी मामंजींसाठी रीळ घ्यायला गेले होते. रीळ म्हणजे शिवणाचं नव्हे. गळ टाकून मासे गरवायच्या काठीला खाली लावतात ते, दोरी गुंडाळायचं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. उभा जन्म रत्नागिरीकडे खाडीच्या तोंडाशी, कस्टमच्या नाक्यावर गेला. तिथल्या गोऱ्या साहेबाला गरवायचा भारी नाद, त्यानं मामंजींनाही लावला. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा आपली लांबलचक काठी मामंजींना देऊन गेला. दोन्ही हातांनी धरायची काठी ती. विलायतेत म्हणे नदीकाठी झाडं दाट, दोरी मागं फेकायला जागाच नसते; म्हणून ती पाण्यावरूनच वळवून, लोळवून पुढं टाकायची. टोकाला आमिष नाही, गळावर पिसं बांधून केलेली खोटी माशी! मला आधी ते सगळंच थट्टेचं वाटलं होतं. काठी टिकली, पण तिचं रीळ खाऱ्या हवेनं खाऊन टाकलं.

सासूबाई गेल्या, मागोमाग काचबिंदूनं मामंजींचे डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. हे जाऊन त्यांना पिंपरीला घेऊन आले. आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात ते बसायचे, मला भाजी निवडू लागायचे, माझ्या माहेरच्या गोष्टी ऐकायचे. शेजारीपाजारी कुणी मराठवाड्यातलं, कुणी सिंधमधून आलेलं. दिवसभर माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे मामंजीच. खरं सांगते, मला ते फार आवडायचे.

आणि त्यांना परत जायचं होतं. आपल्या घरी, खाडीवर. गडीमाणूस होता तिथं, रांधून घालणारी शेजारीण होती. ह्यांनी साफ नाही म्हटलं. "डोळे नाहीत आणि पाण्याकाठी एकटे राहणार? उद्या पाय घसरला म्हणजे?"

"अरे मेल्या, त्या पाण्याला मी तुझ्या आधीपासून ओळखतो," मामंजी म्हणाले. "बरं, पैज लाव. तुमच्या ह्या पवना नदीतून एक मासा मी एकट्यानं काढून दाखवतो. लागल्यावर कुणी हात लावायचा नाही. काढला, तर मला घरी सोडायचं. नाही काढला, तर इथंच तुझ्या बायकोच्या शेंगा सोलत मरेन."

ह्यांनी पैज घेतली. आंधळा माणूस कसला मासा काढतोय, असं मनात असणार. माझं मात्र त्रांगडं झालं. त्यांनी जिंकावं असंही वाटे आणि जाऊ नये असंही.

तर रिळासाठी आम्ही तिघं लोकलनं पुण्याला गेलो. लष्करात, म्हणजे कँपात, एका पारशी म्हाताऱ्याचं दुकान होतं. साहेब लोक जाताना जे विकून गेले ते सगळं तिथं मिळायचं: बंदुकीच्या पेट्या, टोप्या, चहाची भांडी. त्यानं तीन रिळं काढून काउंटरवर ठेवली.

पहिलं चांदीसारखं झळाळत होतं. ह्यांनी फिरवलं आणि खूश झाले. जराही डगडग नाही, आवाज नाही, लोण्यासारखं फिरे. "हेच घ्या बाबा. काय काम केलंय!"

मामंजींनी ते हातात घेऊन नख फिरवलं. "वर मुलामा दिलाय. खाडीवर एका पावसाळ्यात पापुद्रे निघतील." मग बाजूला ठेवून दिलं. दुसरं काठीला लावून पाहिलं (काठी बरोबर आणली होती, लोकलमध्ये लोक आम्हाला वाट देत होते, ती वेगळीच गंमत). दुसरं हलकं भरलं. एवढ्या लांब काठीला खाली वजन हवं, नाहीतर शेंडा सारखा पाण्याकडे झुकतो आणि मनगटं भरून येतात, असं त्यांचं म्हणणं. तिसरं काळपट, जड, कडा झिजलेल्या. ह्यांच्या खिशात लोखंडाचा कीस उचलायचा लोहचुंबक कायम असायचा. तो मामंजींनी मागून घेतला आणि रिळावर सगळीकडून फिरवला. कुठं चिकटला नाही. बाहेरून सगळं पितळ आणि एबोनाइट, म्हणजे काळं कडक रबर, गंजायला काही नाही. मग त्यांनी दोरी ओढल्यासारखं ते फिरवलं आणि कर्रर्रर्र! अगं बाई, अख्खं दुकान दणाणलं.

मामंजींचा चेहरा असा उजळला! आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. म्हणाले, "हे."

"बाबा, हे झिजलंय," हे म्हणाले. "खडखडा वाजतंय."

"वाजू दे."

पारशीबाबा मिशीतल्या मिशीत हसला. किंमत काय पडली ते मी सांगत नाही, आजही सांगायला जीभ रेटत नाही.

रविवारी नदीवर जायचं ठरलं. शनिवारी ह्यांनी मामंजींना न सांगता रीळ खोललं. आत एक दातेरी चाक, त्यावर स्प्रिंगनं दाबलेली पोलादाची छोटीशी जीभ. चाक फिरलं की ती दातांवरून उड्या मारते आणि कर्रकर्र होतं. ह्यांनी ती जीभ कानशीनं घासून गुळगुळीत केली, आत ग्रीस भरलं, पुन्हा बसवलं. मला फिरवून दाखवलं. मांजर चाललं तरी जास्त वाजेल. "बघ, नवं करून टाकलं," म्हणाले. मीही कौतुक केलं. मला काय कळतंय?

दुसऱ्या दिवशी टांगा करून रावेतच्या अंगाला गेलो. तिथं पवनेला एक लांब डोह होता, वर खळाळ. ह्यांचा उत्साह दांडगा. मामंजींना त्रास नको म्हणून काठी जोडली ह्यांनी, दोरी ओढून काठावर मोकळी केली ह्यांनी, आणि सगळं तयार करून त्यांच्या हातात दिलं.

मामंजी घोटाभर पाण्यात उभे राहिले. काठी सावकाश उचलली, एकीकडे वळवली आणि ती एवढी दोरी पाण्यावरून लोळत लोळत पलीकडे जाऊन पसरली. मी बघतच राहिले. काठावर म्हशी धूत असलेला एक शेतकरी म्हणाला, "म्हातारबाबाला दिसतंय जणू!" मी म्हटलं, "नाही हो दिसत." तो म्हैस सोडून बघत बसला.

आणि लागला! काठी वाकली, मोकळी दोरी सर्रकन संपली आणि रीळ फिरायला लागलं. मुकाट. मासा किती वेगानं पळतोय, किती दोरी गेली, कुठं थोपवायचं, मामंजींना काही म्हणजे काही कळेना. घासलेली जीभ दातांवर अडेचना, त्यामुळं चाक माशापेक्षा जोरात फिरलं, दोरीचा हा गुंता झाला आणि काड्‌कन तुटली.

मामंजींनी रीळ कानाशी नेलं. हातानं फिरवलं. "अरे, ह्याचा आवाज कुठं गेला?"

हे म्हणाले, "मी... मी दुरुस्त केलं बाबा."

मामंजी चाचपत वर आले आणि धोंड्यावर बसले. तोंड एवढंसं झालं होतं.

घरी आल्यावर माझा पारा चढला. "मुद्दाम केलंत ना? ते जाऊ नयेत म्हणून?" हातातला घास ताटात ठेवून हे माझ्याकडे बघायला लागले. "अगं, यंत्र वाजलं की फोरमन बोंबलतो. वाजणारं यंत्र मी बापाच्या हातात देऊ?" डोळ्यांत पाणी आलं हो ह्यांच्या. मग मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचा आठवडाभर ह्यांना दुसरा विषय नव्हता. लोखंड कापायच्या हॅकसॉच्या तुटक्या पात्यातून नवी जीभ कापली. संध्याकाळी शिफ्ट सुटली की व्हरांड्यात बापलेक समोरासमोर. हे घासायचे, बसवायचे, फिरवायचे. मामंजी डोकं कलतं करून ऐकायचे. "जाड वाजतंय." पुन्हा घासायचं. "आता पोरकट वाजतंय." पुन्हा नवी. ज्या माणसाला कडी वाजलेली चालत नव्हती तो बापासाठी आवाज घडवत बसला होता. शेजारीण विचारून गेली, घरात पंखा बिघडला का म्हणून. मी चहा करकरून दमले, पण इतकं सुख त्या व्हरांड्यात मी पुन्हा पाहिलं नाही. शेवटी एका संध्याकाळी मामंजी म्हणाले, "हां! हे माझं."

पुन्हा तोच डोह. आधीची खेप ह्यांनी आपली चूक म्हणून पैजेत धरली नव्हती. ह्या वेळी काठी मामंजींनीच जोडली. बराच वेळ काही नाही. मी भाकरीचं फडकं सोडायला बसले आणि कर्रर्रर्र! रीळ ओरडायला लागलं. मामंजींनी काठी उभी केली आणि तळवा रिळाच्या कडेला लावला. आवाज बारीक झाला की गुंडाळायचे, चढला की सोडायचे. एकदा ते पाण्यात झोकांडले तसे हे धावले. मी मागून ह्यांचा सदरा धरला. "पैज आहे!"

"अगं, पडतील!"

"पडू देत. उठतील."

नाही पडले. पाठीमागं एकेक पाऊल टाकत वाळूवर आले आणि मोठाल्या खवल्यांचा, हातभर लांब मासा ओढून काढला. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तो चाचपला, शेपटीपासून तोंडापर्यंत. मग आकाशाकडे तोंड करून मोठ्यांदा हसले. मी रडत होते, आणि मागच्या खेपेचाच म्हशीवाला काठावरून ओरडत होता, "जितलं रं म्हातारं!"

हे जाऊन त्यांच्याशेजारी वाळूत बसले. रिळाला लागलेली वाळू सदऱ्यानं पुसली. मग म्हणाले, "दिवाळी झाली की सोडतो तुम्हाला. पण बाबा, ही जीभ साध्या पोलादाची आहे. खाऱ्या पाण्यात गंजणार. जाण्याआधी अशा पाच-सहा करून देतो, जवळ ठेवा."

मामंजींनी चाचपत ह्यांचा हात शोधला.

"एवढ्या कशाला? ही एकच असू दे," ते म्हणाले. "गंजली की येईन तुझ्याकडे."