भिंगरीआत्याचा झोका

आत्याला बसलेली मी क्वचितच पाहिली. चहा ती चुलीपाशी उभ्यानेच प्यायची आणि बोलता बोलता अंगणात दोन फेऱ्या मारून यायची. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात तिला सगळे भिंगरीच म्हणत. "बसलं का डोकं चालू हुतं रे," ती म्हणायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मोठं परस असलेल्या घरात ती एकटीच राहायची.

दिवाळीनंतर गावातली जोडपी ऊसतोडीला निघाली की ती त्यांची पोरं ठेवून घ्यायची. "फडात न्हेऊन काय करता? शाळा बुडती. ठिवा माझ्याकडं." पोरं राहायची, पण त्यांचा जीव घरात ठरत नसे. दिवस कलला की सगळी फाट्याकडे पळायची. एखाद्या जीपमधून आई उतरेल म्हणून वाट बघायची. एकदा तीन वर्षांची गौरी एकटीच निघाली आणि भर डांबरी रस्त्यावर गेली. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली. आत्याने लगेच मला फोन केला. "परसात झोका बांधू. पोरं तो फाटा इसरली पायजेत."

मी तेव्हा नगरजवळ नागापूरला कारखान्यात होतो. तिला नगरच्या एका दुकानात नेलं. लोखंडी पाइपांचा तयार झोका होता, रंगीत, देखणा. आत्याने त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. सगळा सांगाडा खडखडला. "न्हाई. लाकडाचा करू."

तिच्या बांधावर वादळात पडलेली जुनी बाभूळ होती. गावचे सुतार रशीदचाचा म्हणाले, "ताई, हिच्यात खिळा शिरत न्हाई, वाकतो."

"मग भोकं पाडून बोल्ट घाला. पन लाकूड हेच."

जाड बोल्ट आणि साखळ्या मी आणल्या. दोन्ही बाजूंना फाकलेले पाय, वर आडवी तुळई, पाय खोल खड्ड्यांत दगड-सिमेंटमध्ये गाडलेले. आत्या सारखी चाचांच्या मागेपुढे. फळीवरून हात फिरवायची आणि जरा खरखरीत लागलं की म्हणायची, "परत घासा." शेवटी चाचा वैतागले. "ताई, तुमी जरा शेतात जाऊन या, म्हंजे माझं काम हुईल!" सिमेंट वाळेपर्यंत पोरं झोक्याभोवती घिरट्या घालत होती आणि आत्या पोरांभोवती. मग एके सकाळी तिने पदर खोचला, स्वतः फळीवर बसली आणि मला म्हणाली, "ढकल जोरात." तुळई जराही हलली नाही. "आता येऊ द्या पोरं."

फाट्याकडची पळापळ थांबली. गौरी तर झोक्यावरून उतरायलाच तयार नसे.

उन्हाळ्यात गौरीची आई परत आली, तेव्हा मी सुट्टीवर गावातच होतो. जीपमधून उतरून ती गाठोड्यासकट तडक परसात आली. गौरी झोक्यावर पाठमोरी होती. "आई, झोका दे की!" ती ओरडली. बाई धावत पुढे झाली. गौरीने वळून पाहिलं, खाली उडी मारली आणि पळत जाऊन आत्याच्या पदरात तोंड लपवलं. हाक आत्याला होती.

बाई जागीच थिजली. आत्याचाही चेहरा उतरला. तिने गौरीला उचलून पुन्हा फळीवर बसवलं. "तू दे झोका. रडली तरी दे," असं तिच्या आईला सांगून ती आत गेली आणि कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"बहिनीकडं. मी हितं असले तर पोरगी आईकडं बघायची न्हाई."

मागे गौरीचा आकांत चालला होता. आत्याने वळून पाहिलं नाही. बहिणीकडून मात्र तिचे मला सारखे फोन. जेवली का? खेळली का? कुनाजवळ झोपली? एका सकाळी मी सांगितलं, "काल आईच्या कुशीत झोपली." त्यानंतरच ती परतली.

पुढच्या हंगामात पुन्हा टोळी निघाली. ट्रक सुरू झाला तशी गौरीने आईच्या साडीला मिठी मारली आणि टाहो फोडला. आत्याने तिला कशीबशी सोडवून कडेवर घेतलं. ती आत्याला बुक्क्या मारत होती, ओरबाडत होती. मी तिला गप्प करायला पुढे झालो, तर आत्याने मला हाताने अडवलं.

"रडू दे," ती म्हणाली. "आईसाठी रडतीय ती."