कागदावरच्या तीन फेऱ्या

येरवड्याचे ते घर मी पाहिलेही नव्हते. तरी बाईंच्या फॉर्मवर तीन वेगवेगळ्या तारखा घालून मी तीनदा ‘घर बंद’ असे लिहिले. जवळजवळ तीस वर्षे हे मी कोणालाही सांगितले नाही.

बाई मानसशास्त्राच्या संशोधक. शाळेच्या नुसत्या विचाराने ज्यांच्या पोटात गोळा येतो, अशा मुलांचा त्या अभ्यास करीत. मी त्यांचा मदतनीस, नुकताच एम.ए. झालेला. अशा मुलांना आपण सगळेच कधी ना कधी ‘आळशी’ म्हणालो असू. बाईंपुढे तो शब्द काढायची सोय नव्हती. “आळशी मूल मजेत असतं हो. हे तुम्हाला मजेत दिसतंय का?” त्या विचारीत.

कोणाच्याही घरी गेल्यावर ‘शाळेत का जात नाहीस?’ असे त्यांनी विचारलेले मी कधी ऐकले नाही. त्या चपला काढून सरळ जमिनीवर बसत आणि म्हणत, “कुठपर्यंत जमतं?” कोणी म्हणे, कोपऱ्यापर्यंत. कोणी म्हणे, शाळेच्या फाटकापर्यंत. कात्रजचा एक मुलगा म्हणाला, “दप्तर भरेपर्यंत.”

“अरे वा! म्हणजे निम्मं काम झालं की!”

त्याच्या आईला ही थट्टा वाटली. बाई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. त्याच्यासोबत फक्त जिना उतरायला.

तीन फेऱ्यांत घर बंद आढळले, तर नाव यादीतून वगळायचे, असा आमचा नियम होता. येरवड्याची ती नववीतली मुलगी माझ्या वाट्याला आली. ऊन फार होते; शिवाय बाईंच्या त्या एका प्रश्नात मला शास्त्र असे काही दिसत नव्हते. वाचनालयात पंख्याखाली बसून मी तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या.

दोन महिन्यांनी मुलीची आई बाईंच्या खोलीत आली. “शाळेनं सांगितलं होतं, तुमचं माणूस येणार. पोरगी रोज केस विंचरून वाट बघत बसायची. आता पटावरनं नाव कमी केलंय तिचं.”

बाईंनी फॉर्म काढून वाचला. “पत्त्यात काही घोटाळा झाला का हो?” त्यांनी मला विचारले.

“झाला असेल,” मी म्हणालो.

बाई उठल्या. त्या माउलीपुढे हात जोडून म्हणाल्या, “चूक माझी आहे.”

त्याच संध्याकाळी त्या स्वतः येरवड्याला गेल्या. पुढेही कितीदा तरी गेल्या. मुलगी शाळेत परतली नाही. पत्ता बरोबर होता, हे बाईंना पहिल्याच दिवशी कळले असणार. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. फक्त त्यानंतर कोणाच्याही घरी पाठवले नाही.

यंदाच्या माघात बाई वारल्या. शोकसभेत मी त्यांच्या प्रामाणिकपणावर बोललो, आणि चांगला बोललो. घरी आल्यावर त्या चांगल्या भाषणाचीच लाज वाटू लागली. दुसऱ्या दिवशी येरवड्याला गेलो. पत्ता विसरलो नव्हतो.

आई उंबऱ्याशी मेथी निवडत होती. आत मुलगी शिलाई मशीनवर बसली होती. तिचेही केस आता पिकू लागले आहेत. मी बाई गेल्याचे सांगितले. आईने जुडी खाली ठेवली.

“लई चांगल्या होत्या. चूक झालती त्यांची, पण हात जोडून कबूल केली. कोण करतं हो तेवढं?”

“चूक त्यांची नव्हती,” मी म्हणालो.

मशीन थांबले. मी मुलीकडे वळलो.

“तुमच्याकडे मला पाठवलं होतं. मी आलोच नाही. घर बंद होतं, असं खोटं लिहिलं. तुम्ही वाट पाहत होतात. ताई, मला क्षमा करा.”