ब्लांका खेळतेय तोवर

घाट लागायच्या आधी गफूरचाचा जीप बाजूला घ्यायचे, हँडब्रेक ओढायचे आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसायचे. आधी कपाळ, मग मान, शेवटी दोन्ही तळहात. मग टॉवेलची नीट घडी करून ती समोरच्या काचेखाली ठेवायची आणि मगच पहिला गिअर टाकायचा. मागे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे आम्ही पाशिंजर गुमान थांबायचो. एखादा नवखा कुरकुरलाच, तर चाचा आरशातून त्याच्याकडे बघत म्हणायचे, "ब्लांका बी तोंड पुसल्याबिगर चेंडू उडवत न्हाई. तिला कोन बोलतं का?" नवखा शेजारच्याला हळूच विचारायचा, ही ब्लांका कोण? ते चाचांच्या कानावर गेलं की राजूर येईपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नसायची.

ब्लांका ही चेक देशाची टेनिस खेळाडू. चाचांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते भंडारदऱ्याच्या एका हॉटेलात. शिर्डीहून आणलेले पाहुणे आत जेवत होते आणि चाचा टीव्हीसमोर त्यांची वाट बघत बसले होते. पडद्यावर एक किडकिडीत, डावखुरी पोरगी सपाटून मार खात होती. चाचाही डावखुरे. लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून त्यांनी घरी पुष्कळ बोलणी खाल्लेली, त्यामुळे ते तिच्या बाजूने झाले. "हारली, पन आदळआपट न्हाई केली," ते सांगायचे. "टॉवेलाची घडी घातली, समोरच्या पोरीच्या पाठीवर हात ठिवला आन् गेली. मी म्हन्लं, ही लांब जानार." गेलीही ती लांब. पहिल्या शंभरात आली, पहिल्या दहात आली, एकदा मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली. मग खांद्याचं ऑपरेशन झालं, वर्षभर घरी बसली आणि पुन्हा परतली. एवढ्या वर्षांत तिचं काय चाललंय, हे चाचांना सख्ख्या भाचीच्या संसारासारखं ठाऊक असायचं.

रॅकेट त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. स्पर्धांची नावं त्यांना उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी आपल्या सोयीने वाटणी केली होती. लंडनची ती गवतावरची, पॅरिसची लाल मातीवरची आणि उरलेल्या सगळ्या डांबरावरच्या. "डांबरावर गुडघे जातात बाई," ते मला म्हणायचे. "ब्लांकाचे बी आन् माझे बी." मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून राजूरच्या पलीकडच्या शाळेत रोज त्यांच्याच जीपने जायचे. आता माझी बदली नगरजवळ झाली आहे, रस्ता सरळसोट आहे, एसटी वेळेवर येते. पण सकाळी खिडकीशी बसले की चाचांची आठवण येतेच.

मी मुळातच भित्री. घाटात मी कधी डोळे मिटले नाहीत. समोरची दांडी घट्ट धरून वळणावळणाला चाचांऐवजी मीच मनातल्या मनात ब्रेक दाबायचे. चाचा कसलेले ड्रायव्हर होते, तरी मला धास्ती वाटायची. आणि मग एके दिवशी त्या धास्तीला कारणही मिळालं. वळणावर डाव्या अंगाला खडीचा ढीग पडला होता. आम्हा सगळ्यांना तो लांबून दिसत होता, पण चाचांना दिसला नाही. जीप ढिगावर चढली, तिरकी झाली आणि कठड्याला टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. चाचा खाली उतरले, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हितं हुता व्हय हा?"

संगमनेरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतंय, पण बाजूचं दिसणं आटत चाललंय, थेंब घालत राहा आणि गाडी सोडा, असं त्यांनी बजावलं. घरात जुबेदाचाचींनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, मुलगा अस्लम तर हाता-पाया पडला. अस्लम चांगला तिशीचा, लायसनवाला, गाडीवर हात बसलेला. पण चाचांना स्टिअरिंग सोडायचं म्हणजे जीव सोडल्यासारखं वाटत होतं. शेवटी एका सकाळी अकोल्याच्या स्टँडवर, आम्हा सगळ्यांसमोर, त्यांनी जाहीर केलं, "सोडीन. पन ब्लांका सोडंल त्या दिवशी. तिच्या आदी न्हाई." चाचींना हे कळलं तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, "बाई, ती बया कितीची असंल?" पस्तिशीची, मी म्हटलं. "मग आता किती खेळनार," चाची म्हणाल्या आणि त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

तेवढ्यापुरता तोडगा निघाला. संध्याकाळच्या फेऱ्या अस्लमकडे गेल्या. सकाळी चाचा चालवायचे आणि अस्लम शेजारी बसून "अब्बा, डावीकडं बैल," "अब्बा, सायकलवाला," असं सांगत राहायचा. मला या जीपने जाणं नको वाटायचं, पण दुसरी जीप शाळा भरल्यावर सुटायची. आणि मग आमच्या जीपमध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. दूधवाले, बाजाराला निघालेल्या बायका, तलाठी कार्यालयातले कारकून, सगळे ब्लांकाच्या हरण्याची वाट बघू लागले. आम्हाला गुण कसे मोजतात ते कळायला लागलं. चाचा चहाला उतरले की अस्लमच्या मोबाईलभोवती कोंडाळं व्हायचं. हरली म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उजळायचे. एका म्हाताऱ्या आजींनी तर विचारलं, "तिला घरी कोनी सांगनारं न्हाई का? आईबाप हायेत ना?"

ब्लांका मात्र आमचं ऐकायला तयार नव्हती. त्या वर्षी गवतावरच्या स्पर्धेत तिने एकामागून एक तरण्याताठ्या पोरींना गारद केलं आणि उपांत्य फेरी गाठली. सकाळी चाचा पेढ्यांचा पुडा घेऊनच स्टँडवर आले. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू नात झाली आहे. "घ्या, बाई. छत्तीस वर्षाची पोरगी, खांदा शिवलेला, आन् बघा," ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. इतक्या दुर्मुखलेल्या चेहऱ्यांनी कुणी पेढे खाल्लेले मी पाहिले नाहीत. अस्लमने तर आपला पेढा नुसता हातात धरून ठेवला होता. चाचांनी तो पाहिला आणि त्या दिवशी घाट त्यांनी नेहमीपेक्षाही सावकाश चढवला.

मला त्यांचा राग यायचा, हे खरं. पण एकदा त्यांनीच विषय काढला. "बाई, मला बी कळतं. पन सकाळी उठून जायाचं कुटं? जीप गेली की मी गेलो. ब्लांकाचं बी तसंच आसंल." माझा राग तिथंच ओसरला, काळजी मात्र वाढली.

पुढच्या उन्हाळ्यात ती लाल मातीवर पहिल्याच फेरीत हरली. शाळेला सुट्टी होती, पण दप्तराच्या कामासाठी मी निघाले होते. सकाळी स्टँडवर अस्लम मोबाईल हातात घेऊन नुसताच उभा होता. चाचांनी तो मोबाईल घेऊन अगदी नाकापाशी धरला. पडद्यावर ब्लांका तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती. "काय म्हनती?" चाचांनी विचारलं. अस्लमने खाली लिहिलेलं वाचून सांगितलं, "थांबते म्हणतीय अब्बा. शरीर साथ देत न्हाई आता." चाचांनी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. तिने तोंड पुसलं, टॉवेलची घडी करून बाकावर ठेवली आणि हात हलवत गेली. चाचांनी मोबाईल परत दिला. शर्टाच्या खिशातून किल्ली काढून अस्लमच्या हातावर ठेवली, खांद्यावरचा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला आणि बॉनेटला वळसा घालून डाव्या दाराशी आले. मी पुढेच बसले होते. "बाई, जरा सरका," ते म्हणाले.

मी सरकले. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी डोळे भरून आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शाबासकी दिली नाही. संध्याकाळी चाचींनी मात्र शीरखुर्मा केला, ईद नसताना.

चारेक महिने सुखात गेले. चाचा रोज येत, पुढे बसत, पाशिंजरांना जागा करून देत. आणि मग अस्लमने एकदा हळूच मला बातमी दाखवली: ब्लांका पुन्हा कोर्टवर उतरणार. त्या दिवसापासून सगळी जीप कटात सामील झाली. चाचींच्या घरची केबल बंद पडली आणि काही केल्या दुरुस्त होईना. अस्लमच्या मोबाईलला चार्जिंग उरेना. चाचांनी ब्लांकाचं नाव काढलं, की आम्ही सगळे कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागायचो.

असेच आठवडे गेले. एका सकाळी घाटाच्या पायथ्याशी अस्लमने जीप थांबवली, तेव्हा चाचा शांतपणे म्हणाले, "तुमाला समद्यांना काय वाटलं? भंडारदऱ्याच्या हॉटेलातला टीव्ही बी बंद पडला?" अस्लमचा हात किल्लीवर घट्ट बसलेला मला दिसला. "आली ती परत. मला म्हाईत हाय," चाचा म्हणाले. "पन एकटी न्हाई. मिक्स डबल खेळती आता. सोबत तरना गडी हाय. धावायचं त्यानं, आन् ती जाळीपाशी उभी. आरडून सांगती, तुजा, माजा, सोड." मग ते अस्लमकडे वळले. "तेच तर मी बी खेळतोय न्हाई का कवाचं? धावनारा तू, मी हितं जाळीपाशी. पूस तोंड, आन् चल."

अस्लमने तोंड पुसलं. टॉवेलची घडी मात्र चाचांनीच घातली आणि काचेखाली ठेवली. मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. जीप चढायला लागली. शेजारून चाचांचा आवाज येत होता, "डावीकडं दगूड... हां... आता मोकळं." त्यांना तो दगड दिसत होता की रस्ता पाठ होता, कोण जाणे. पण अस्लमला दिसत होता, तेवढं मला पुरे होतं. मी समोरची दांडी सोडून दिली आणि डोकं मागे टेकलं.

"बाई, उठा," चाचा माझा खांदा हलवत होते. "शाळा आली तुमची."