अदिस अबाबातले तीन

कंपनीने मला तीन दिवसांसाठी अदिस अबाबाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा कुवेतमधल्या आमच्या मिरकाबच्या ऑफिसात सगळ्यात जास्त आनंद झाला तो साफसफाई करणाऱ्या बाईला. ती इथिओपियाची. चार वर्षांत तिला घरी जाता आलं नव्हतं. माझ्या टेबलाशी उभी राहून, निम्मी हिंदी निम्मी अरबी अशा आमच्या भाषेत ती मला आपली राजधानी समजावून सांगायला लागली.

“स्वेटर घ्या, मॅडम. शहर डोंगरावर आहे, दम लागेल, सावकाश चाला. कुणी कॉफीला बोलावलं तर तीन कप घ्यायचे. एकावरच उठलात तर घरच्यांना वाईट वाटतं. आणि आमचं घड्याळ...”

घड्याळाबद्दल ती बरंच बोलली. मी ‘हं, हं’ करत ईमेल लिहीत होते.

निघायच्या आदल्या दिवशी तिने एक पार्सल दिलं. आत शाल आणि तिचे फोटो. “आई गावाहून बसने तुमच्या हॉटेलवर येईल. रविवारी तीन वाजता. शेजाऱ्यांच्या फोनवर तुमचा फोटो पाठवलाय. पाच मिनिटं बसा तिच्याजवळ. मला रोज बघणारं माणूस तिला बघायचंय.”

“बसेन की,” मी म्हटलं.

रविवारी काम नव्हतं. तीनच्या आत परतायचं म्हणून सकाळी नऊलाच गाडी सांगितली. गेटमधून बाहेर पडताना गार्डपाशी उभ्या असलेल्या एका बाईने हात केला. मीही केला. पाहुण्यांना करत असतील, असं वाटलं. मग निलगिरीच्या झाडांनी भरलेला डोंगर पाहिला, बाजार पाहिला, कॉफीचे तिन्ही कप प्यायले. अडीचला येऊन पार्सल घेऊन लॉबीत बसले. चार वाजले तरी कुणी येईना, तेव्हा काउंटरवर विचारलं.

“त्या सकाळीच आल्या होत्या,” तिथला माणूस म्हणाला. “दुपारी एकपर्यंत थांबल्या. मग त्यांची बस होती.”

“पण तीन वाजता ठरलं होतं!”

“आमच्याकडे दिवस उगवल्यापासून तास मोजतात. आमचे तीन म्हणजे तुमचे सकाळचे नऊ.”

हेच तिने मला सांगितलं होतं.

कुवेतला आल्यावर पार्सल तिच्या हातात परत देत मी म्हटलं, “वेळेचा घोळ झाला गं.”

ती पार्सलकडे बघत राहिली. “माझंच चुकलं. नीट सांगायला हवं होतं.”

नाही, तू सांगितलं होतंस. एवढंच म्हणायचं होतं. पण आजूबाजूला ऑफिसातली माणसं होती. मी कॉम्प्युटरकडे वळले.

महिन्याभराने तिला शर्क भागातल्या दुसऱ्या इमारतीत कामाला लावलं. मला काही चैन पडेना. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथे गेले. ती जिना पुसत होती.

“तू घड्याळाचं सांगितलं होतंस. माझं लक्ष नव्हतं. तुझी काही चूक नव्हती.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. मग फडकं पिळत, “आईने ओळखलं होतं तुम्हाला. गाडीतून हात केलात म्हणाली. तिला वाटलं, लगेच परत येतील.”

मी पायरीवर बसले. फडकं बाजूला ठेवून तीही शेजारी बसली. रागाचा एक शब्द नाही. तिने हळूच विचारलं, “मॅडम, बारीक झालीय का ती?”

मी तिच्या आईचा चेहरा धड पाहिलाही नव्हता.

“नाही गं,” मी म्हटलं, “चांगली दिसत होती.”